हुरड्याच्या हंगामातला मेळावा

मार्गशीर्ष सरत आला की अंबाजोगाईच्या थंडीला जरा धार येते, आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या गल्लीतून कर्णा लावलेली रिक्षा फिरू लागते. यंदाही परवा आली. "भव्य विभागीय पशुपालक परिषद! तज्ज्ञांचे मार्गदर्शन! सर्व पशुपालकांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे!" मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. शेंग हातात तशीच राहिली आणि तोंडातून असा एक शब्द निसटला, जो निवृत्त शिक्षिकेला शोभत नाही. शेजारच्या सूनबाईंनी भिंतीवरून डोकावून पाहिलं. मी म्हटलं, "तुम्हाला नाही हो, रिक्षाला."

या दिवसांवर माझा राग नाही. उलट वर्षातले हेच दिवस मला खरे आवडतात. शाळू निसवलेला असतो, कणसातला दाणा अजून दुधाळ असतो, हरभऱ्याच्या पाल्याला हात लावला की बोटं आंबट होतात, आणि सकाळी अंगणात पाणी तापवायला पेटवलेल्या तुऱ्हाट्यांचा धूर गल्लीभर अंगाला घासत फिरतो. उन्हात बसावं, पाठ शेकावी, काही करू नये. एवढ्या चांगल्या दिवसांना मेळाव्याची कीड लागली, याचं वाईट वाटतं.

कीड कशी लागली तेही सांगते. गुरं आजारी पडतात पावसाळ्यात. घटसर्प तेव्हाच येतो, फऱ्या तेव्हाच येतो. उन्हाळ्यात वैरण संपते आणि दावणीला हाडं उरतात. पण चिखलात साहेबांच्या जीपा रुततात आणि उन्हात साहेबांना घाम येतो. म्हणून गुरांनी कसं जगावं हे सांगायला साहेब येतात ते पुसात, हुरडा तयार झाल्यावर. मेळाव्याची तारीख कुठल्या कचेरीत ठरते असं लोकांना वाटतं. ती कणसात ठरते. दाणा दाबून पाहायचा, दूध आलं की मांडव घालायचा.

आता गंमत अशी, की हुरडा तयार होतो तेव्हा आमच्या भागातली खरी जनावरं आणि खरे जनावरंवाले गावात नसतातच. दसरा झाला की बैलगाड्यांवर भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं चढवून अर्धं गाव ऊसतोडीला जातं. बैल जातात, बैल हाकणारे जातात, त्यांच्या बायका जातात. मागं उरतात म्हातारी माणसं, दुकानदार आणि शाळा. ज्यांना शिकवायचं ते कोल्हापूरकडच्या फडात मोळ्या बांधताहेत, आणि इकडे व्यासपीठावरून "बैलाच्या खांदेसुजीची काळजी" या विषयावर व्याख्यान चालू आहे. ऐकायला कोण? माझी चौथीची मुलं. वरून तोंडी आदेश यायचा, मांडव भरलेला दिसला पाहिजे.

हे मी नव्यानं नोकरीला लागले तेव्हाचं सांगते आहे. नेकनूरच्या पलीकडं एका गावात माझी पहिली नेमणूक होती. खुल्या अर्थव्यवस्थेची ती वर्षं. बसस्टँडवर एसटीडीचं पिवळं खोकं नुकतंच आलं होतं, पाटलाच्या घरी रंगीत टीव्ही होता, आणि ज्याच्या हाती माईक पडेल तो माणूस आधी जग जवळ आल्याचं सांगायचा. जग जवळ आलं होतं म्हणे. गावातला गुरांचा दवाखाना मात्र कुलूपबंद होता, आणि त्याच्या पायरीवर शेळ्या बसायच्या. तिथल्या डॉक्टरची जागा रिकामी होती आणि ती भरावी असं शेळ्यांखेरीज कुणालाच वाटत नसावं.

मी भाड्यानं राहायचे महानंदाकाकूंकडे. लिंगायत घर, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माची बोटं, बोलणं कमी आणि कामाला उसंत नाही. नवरा लवकर गेला. दुकान दिरांनी सांभाळलं, म्हणजे काय केलं ते मी लिहीत नाही, वाचणाऱ्यांनाही दीर आहेतच. काकूंच्या वाट्याला पुढच्या दोन खोल्या आल्या आणि मागचा गोठा. त्या गोठ्यात चंद्री होती. तांबूस रंगाची संकरित गाय, कपाळावर पांढरा चट्टा. बसस्टँडवरच्या हॉटेलात चंद्रीचं दूध जायचं आणि त्यावर काकूंची मुलगी शैला इथं अंबाजोगाईला वसतिगृहात राहून नर्सिंग शिकायची. ते घर चंद्रीच्या चार सडांवर उभं होतं. काकूंनाही ते ठाऊक होतं. गोठ्यात शिरताना त्या पायातली चप्पल बाहेर काढायच्या.

त्या वर्षी चंद्री गाभण होती, दिवस भरत आले होते. अशात एके सकाळी जिल्ह्याचे डॉक्टरसाहेब आमच्या दारात उभे राहिले. मोठा माणूस, मोठं पोट, छातीवर बिल्ला. मेळाव्याच्या उद्घाटनाला गोपूजन ठरलं होतं, आणि गोपूजनाला दाखवण्याजोगी गाय गावात ही एकच उरली होती. बाकीच्यांच्या बरगड्या दिसत होत्या, आणि बरगड्या पाहुण्यांना दाखवायच्या नसतात.

काकू आधी नाहीच म्हणाल्या. "सायेब, गाभण हाय. गर्दीत नको न्यायला."

"अहो, काही होत नाही. आम्ही सगळे डॉक्टरच आहोत तिथं," डॉक्टरसाहेब म्हणाले. मग आवाज खाली आणून, "मोठे साहेब येणार आहेत. तुमच्या गावच्या दवाखान्याचा विषय त्यांच्या कानावर घालतो. मेळावा चांगला झाला तर जागा भरलीच म्हणून समजा."

काकू त्या एका वाक्याला भुलल्या. रात्री भाकरी थापताना मला म्हणाल्या, "बाई, गावात डॉक्टर येनार म्हनायलेत. चंद्री व्यायच्या टायमाला जवळ डॉक्टर असला म्हंजे मला कायबी घोर न्हाई." काकूंचा चेहरा इतका उजळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

मेळाव्याच्या दिवशी त्यांनी चंद्रीला ऊन पाण्यानं धुतलं, शिंगांना हिंगूळ लावला, गळ्यात घुंगरमाळ घातली. बाजारतळावर मांडव होता. पुढं सोफे, सोफ्यांमागं खुर्च्या, खुर्च्यांमागं सतरंजी, सतरंजीवर माझी शाळा. समई पेटेना, वारा होता. चार अधिकारी तिच्याभोवती कोंडाळं करून उभे राहिले आणि काड्यापेटी संपली. शेवटी एकानं सिगारेट पेटवायचा लायटर काढला आणि ज्ञानाचा दिवा लागला. टाळ्या झाल्या.

मग गोपूजन. आता इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. गायीला घास घालणारा हात अडवायचा नसतो. दारात आलेला भिकारीसुद्धा तुमच्या गायीच्या तोंडाशी चतकोर नेतो, तेव्हा मालकानं दावं सैल करायचं आणि हात जोडायचे. चतकोर-नितकोर घासापुरती ही रीत फार गोड आहे. पण तिथं थाळे भरून पुरणाच्या पोळ्या होत्या, पातेलंभर गव्हाच्या घुगऱ्या होत्या, गुळाच्या ढेपेचे खडे होते. सूत्रसंचालक एकेका पाहुण्याचं नाव हुद्द्यासकट पुकारत होता, आणि एकेक जण खाली उतरून चंद्रीला घास घालत होता.

घास म्हणजे काय, तर ज्याचा हुद्दा मोठा त्याची पोळी मोठी. मोठ्या साहेबांनी अख्खी पोळी दिली. फोटोवाला म्हणाला, साहेब, डोळे मिटले. साहेबांनी दुसरी दिली. मग सभापती, उपसभापती. मग ज्यांचं नाव चुकून राहिलं होतं ते फुगून बसले, म्हणून त्यांच्या हातून दोन-दोन. मग साहेबांच्या सौभाग्यवती, ओंजळभर घुगऱ्या. मग कुठल्याशा खाद्य कंपनीचा टायवाला माणूस. चंद्री खातच होती. जनावर ते, त्याला पुरणपोळी रोज कोण देतो?

काकू दावं धरून उभ्या. प्रत्येकाला हात जोडत होत्या. मध्ये एकदा त्यांनी धीर केला. "सायेब, आता बास करा. गाभण हाय, झेपायचं न्हाई तिला."

सूत्रसंचालक माईकवरूनच म्हणाला, "माउली, पुण्याचं काम आहे, राहू द्या!" लोक हसले. सगळ्यात शेवटी आले आमचे डॉक्टरसाहेब. त्यांनी थाळ्यातलं उरलंसुरलं गोळा करून, गुळाचा खडा वर ठेवून, फोटोवाल्याकडे तोंड करून चंद्रीला भरवलं. आणि तिथून तडक माईकपाशी जाऊन त्यांनी "संतुलित पशुआहार" या विषयावर बोलायला सुरुवात केली. मी खोटं सांगत नाही. धान्य आणि शिजवलेलं अन्न जनावराला एकदम जास्त झालं तर पोट फुगून ते दगावू शकतं, हे त्यांनी फार रसाळ शब्दांत सांगितलं. माझ्या मुलांनी सुद्धा ऐकलं. बोटांना लागलेला गूळ ते बोलता बोलता रुमालानं पुसत होते.

माणूस अडाणी असतो त्याची मला चीड नाही. अडाणी माणूस चुकतो आणि चुकल्यावर निदान घाबरतो. पण ज्याला सगळं माहीत असतं आणि जो ते माहीत असणं फक्त माईकसमोर वापरतो, त्याच्याबद्दल मनात काय येतं ते मी इतकी वर्षं सभ्य भाषेत मांडायचा प्रयत्न करते आहे. अजून जमलेलं नाही. हल्ली या परिषदांना मोठा पडदा असतो, फोनवर निरोप येतात, चहा कागदी पेल्यात येतो. माझ्या भाच्यानं गेल्या वर्षी तिथला फोटो दाखवला. गाय होती, थाळा होता, आणि फोटोवाल्याकडे पाहणारी माणसं होती. गाय कुणाची, तिचं पुढं काय झालं, मी विचारलं. भाचा म्हणाला, "ते कुठं कळतं आत्या?" बरोबर आहे. ते कळत नाहीच.

त्या दिवशीचं आम्हाला कळलं, कारण गाय आमच्या गोठ्यातली होती. ऊन डोक्यावर आलं तेव्हा काकू मांडवाच्या मागून मला हातानं बोलावू लागल्या. चंद्रीची डावी कूस ढोलासारखी ताठली होती. ती पाय झाडत होती, दात खात होती, तोंडातून लाळेची तार लोंबत होती. घुंगरं मात्र वाजत होती, अंग थरथरत होतं म्हणून. काकू म्हणाल्या, "बाई, डाक्टरला बोलवा. पळा."

आजूबाजूच्या सगळ्या तालुक्यांतले डॉक्टर त्या दिवशी आमच्या गावात होते. एवढे डॉक्टर एकदम जवळ असण्याचं भाग्य कुठल्या गायीच्या वाट्याला कधी आलं नसेल. मी व्यासपीठाच्या पायऱ्यांशी गेले. मोठे साहेब बोलत होते, जग आता एक बाजारपेठ झालं आहे, आणि बीडच्या दुधानं त्या बाजारपेठेत उतरलं पाहिजे. मी डॉक्टरसाहेबांना खुणावलं. ते वाकून पुटपुटले, "साहेबांचं भाषण चालू आहे. आता उठलो तर बरं दिसत नाही. येतोच." पहिल्या रांगेत एक तरुण डॉक्टर होता. तो बिचारा लगेच उठला. पण त्याची औषधांची आणि सुयांची पेटी जीपमध्ये होती, आणि जीप हुरड्याच्या शेतावर गेली होती, गोवऱ्या आणि दही पोचवायला.

मी मांडवाच्या कडेच्या प्रदर्शनाकडे धावले. तिथं औषधांच्या बाटल्या रांगेनं मांडलेल्या होत्या, पोटफुगीचीसुद्धा. राखणदार शिपाई म्हणाला, "म्याडम, ह्याला हात लावू नका. सायबांनी अजून बघितलं न्हाई." तरुण डॉक्टरनं त्याच्या हातून बाटली हिसकावली आणि झाकण उघडलं. आत रंगीत पाणी होतं. नमुना होता तो.

शेजारच्या हरिभाऊंनी घरून गोडेतेल आणून चंद्रीला पाजलं. काकूंनी तिचं तोंड उंच धरलं, तरुण डॉक्टर कूस चोळत राहिला. जीप काही आली नाही. भाषण संपलं, सत्कार झाले, आभार झाले, आणि "येतोच" म्हणणारे डॉक्टरसाहेब मोठ्या साहेबांच्या गाडीत बसून हुरड्याला गेले. शेत लांब नव्हतं. भाजलेल्या कणसांचा खरपूस वास गावापर्यंत येत होता. तो वास मला फार आवडायचा. त्या दिवसानंतर मी हुरडा तोंडात घातलेला नाही.

दिवस कलला तेव्हा चंद्रीनं मान टाकली. पोटातलं वासरूही गेलं. काकू रडल्या नाहीत. तिच्या गळ्यातली घुंगरमाळ सोडवत बसल्या होत्या, गाठ लाळेनं भिजून फुगली होती, सुटत नव्हती.

डॉक्टरसाहेब आले ते त्यानंतर. ओठांच्या कडा काळ्या, मिशीला कुसळ. वाकून त्यांनी चंद्रीच्या पोटावर टिचकी मारली आणि विचारलं, "खाण्यात काय आलं होतं हिच्या?"

मला वाटलं काकू आता बोलतील. त्या बोलल्या, पण हळू. "तुमीच घातलं की, सायेब. शेवटचा घास तुमचाच हाय."

"अहो, पण तुम्ही मालक ना? एवढं व्याख्यान दिलं मी, कशासाठी दिलं? ऐकलं नाही का तुम्ही?"

काकू म्हणाल्या, "मी हितं गायीपाशी होते."

दवाखान्याला डॉक्टर मिळाला नाही, हे सांगायला नकोच. शैला परीक्षेच्या आधीच वसतिगृह सोडून परत आली आणि उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मुलगी हुशार होती. आज ती एखाद्या दवाखान्यात मोठी परिचारिका असती. लातूरकडे दिली तिला, बरी आहे. काकू लोकांच्या शेतात खुरपायला जाऊ लागल्या. गोठा रोज झाडायच्या मात्र. रिकामा गोठा कशाला झाडता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "गाय येईल म्हनून."

आणि पुढच्या पुसात पुन्हा मेळावा आला. या खेपेला शेजारच्या गावी. विधवा बायकांना गायी वाटायची योजना निघाली आहे, मेळाव्यात नावं घेणार आहेत, असा निरोप होता. काकू पहाटे उठल्या, ठेवणीतलं इरकल नेसल्या आणि माझ्या मुलांच्या रांगेबरोबर चालत आल्या. सतरंजीवर माझ्या शेजारी बसल्या. नावं कधी घेणार, म्हणून मला सारखं विचारत होत्या.

नावांच्या आधी व्याख्यान होतं. तेच डॉक्टरसाहेब, तोच विषय. पण वर्षभरात त्यांचं बोलणं सुधारलं होतं. आता ते उदाहरण देत होते. "गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. आपल्याच भागातली. एक अडाणी बाई, घरात उत्तम संकरित गाय. पण अंधश्रद्धा बघा! पुण्य मिळावं म्हणून तिनं गायीला पोळ्या काय, घुगऱ्या काय, गूळ काय, इतकं चारलं, इतकं चारलं, की गायीचा फुगा झाला फुगा!" त्यांनी गाल फुगवून दाखवले. मांडव हसला. गेल्या वर्षी थाळ्यापाशी उभे असलेले हसले, सोफ्यावरचे हसले, सूत्रसंचालक माईकमध्ये हसला. सगळे हसताहेत म्हणून माझी मुलंही हसली.

काकूंनी माझा हात धरला. "बाई, हे माझ्या चंद्रीचं सांगायलेत न्हवं?"

मी मान हलवली.

"मंग हे हसायलेत कावून? हे तर होते की तिथं."

काकू उठल्या. मी पदर ओढून खाली बसवायला गेले, म्हटलं, "काकू, थांबा, नावं घ्यायचीत अजून, गाय मिळेल." त्यांनी पदर सोडवून घेतला. "ह्यांच्या हातची गाय मला नको," त्या म्हणाल्या. मोठ्यानं नाही, पण आजूबाजूच्या पोरांना ऐकू जाईल इतपत. आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं, सगळ्यांच्या समोरून, ताठ मानेनं चालत बाहेर गेल्या.

सूत्रसंचालक लगबगीनं माईकपाशी आला. "माताभगिनींनी कृपया मधूनच उठू नये. शेवटी अल्पोपहाराची सोय केलेली आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभी राहिले आणि मुलांना म्हटलं, चला, रांग करा. मुलं उठली. सतरंजी रिकामी झाली, म्हणजे जवळजवळ मांडवच रिकामा झाला, कारण भरलेला होता तो आमच्यानंच. मला वाटलं होतं, निदान एकदा ते बोलणं थांबेल. कुणीतरी विचारील, काय झालं बाई?

काकूंना आम्ही रस्त्यावर गाठलं. दोन्ही बाजूंना कणसांनी वाकलेला शाळू होता. त्या पुढं बघून चालत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. आमच्या मागून कर्णा अगदी स्पष्ट ऐकू येत होता. डॉक्टरसाहेब रिकाम्या सतरंजीला सांगत होते, आपण एवढ्या मोठ्या संख्येनं आलात आणि शांतपणे ऐकून घेतलंत, याचा मला मनापासून आनंद आहे.